काजवालीचे हात

तिला सगळे काजवालीच म्हणत. नवरा मास्तर, तो कपडे बेतायचा आणि ही काजं-बटणं करायची. सत्तावीस वर्षं एकाच दुकानात, एकाच दिव्याखाली. हात इतका साफ, की काजाची उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली हे गिऱ्हाइकाला कळत नसे.

मग मास्तरांच्या आतड्याला पीळ पडला आणि ते काळं पडलं. डॉक्टरांनी कापून काढलं, उरलं ते वीतभर. खाल्लेलं अंगी लागेना. तेव्हापासून त्यांचं जेवण म्हणजे छातीतल्या नळीतून थेट रक्तात जाणारी पांढरी पिशवी. यातून सुटायचं तर दुसऱ्याचं आतडं बसवायला हवं होतं. तेही लहान अंगाच्या माणसाचं, कारण मास्तरांचं पोट आत आक्रसलं होतं.

"म्हणजे शेवटी मापावरच अडलं," मास्तर म्हणाले. "मोठं मिळालं तर अल्टर करता येत नाही का हो?"

डॉक्टर हसले. काजवालीला हसू आलं नाही.

पिशवी तीच लावायची. संध्याकाळी लावायची, सकाळी उतरवायची, नळी सलाईनने धुवायची आणि नवं टोपण बसवायचं. हात कोपरापर्यंत धुवायची. घरात कुणी शिंकलं तर त्याची खैर नसे. आपल्या हातांचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

दीड वर्षाने हॉस्पिटलचा फोन आला. आतडं मिळालं होतं, रक्तगट जुळत होता, मापही बसत होतं. आणि मास्तर आदल्या दिवसापासून तापाने फणफणले होते. नळीतून जंतू रक्तात गेले होते. अशा अंगात कोण आतडं बसवणार? ते दुसऱ्या कुणाला गेलं. नळी काढावी लागली, ती शीरही कामातून गेली. आता नळी घालण्याजोगी एकच शीर उरली होती, तिच्यात नवी घातली.

काजवालीने सगळ्यांना फैलावर घेतलं. हॉस्पिटल घाणेरडं, पिशव्या आणून देणारा घाणेरडा, नणंद तर मुळावरच उठलेली.

आठवड्याने हॉस्पिटलची सिस्टर घरी आली. "रोज करता तसं करून दाखवा," म्हणाली.

काजवालीने झोकात हात धुतले. पाकिटातून नवं टोपण काढलं. मग एका हातात नळी, दुसऱ्यात सलाईनची सिरिंज. टोपण धरायला हात उरला नाही, तसं ते आपसूक ओठांत गेलं.

"थांबा! तोंडात काय धरलंत?"

"अहो, त्यात काय?" मास्तरच म्हणाले. "टाचण्या पण ती तिथेच धरते."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं. तिला त्यांच्या आधी कळलं होतं.

"रोज असंच करता?" सिस्टरने हळू विचारलं.

"रोज." खोटं बोलायचंही तिला सुचलं नाही. "पुन्हा फोन येईल ना हो?"

सिस्टरने दुसऱ्या टोपणाचं पाकीट फोडलं. मास्तरांनी हात पुढे केला.

"मला शिकवा," ते म्हणाले. "यापुढे मीच करीन."

बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही. एका हातात नळी, दुसऱ्यात सिरिंज तशीच धरून काजवाली उभी राहिली. नाही म्हणायला तिला तोंड उरलं नव्हतं.