त्रानीच्या हॉटेलात भरून ठेवलेले टब

"तुमच्या लोकांनी माझी टाकी संपवली," हॉटेलच्या मालकीणबाई म्हणाल्या. "वर एक जर्मन पाहुणा अंगाला साबण लावून उभा आहे!"

मी टूर मॅनेजर. म्हणजे लोकांना जग दाखवायचं आणि त्यांच्या बॅगा, गोळ्या, रुसवेफुगवे सांभाळायचे. स्वतःच्या नावावरची ही माझी पहिलीच टूर. ग्रुप उदगीर-लातूरचा, बहुतेक व्यापारी आणि त्यांच्या घरची मंडळी. इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो. त्या बुटाच्या टाचेकडच्या किनाऱ्यावर जुन्या गावांची ओळच आहे, त्यातल्या त्रानीत आमचा मुक्काम होता.

गाव असं की माणूस बोलायचं विसरतो. फिकट दगडाचं चर्च अगदी समुद्राला खेटून उभं. संध्याकाळी तो दगड हळूहळू गुलाबी व्हायचा आणि आमची बडबडी मंडळी बंदरावर गुमान बसून राहायची. उदगीरचे अडत व्यापारी अप्पा उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मागणी करणाऱ्या समितीत होते. इथला नवा जिल्हा करताना तीन गावं भांडली म्हणून तिन्ही गावांना मुख्यालय दिलं, हे गाइडनं सांगितलं तेव्हा ते उठूनच उभे राहिले. "आम्ही एक मागून मागून थकलो, अन् ह्यांना तीन तीन! सपन पडून राहिलंय का मला?"

मलाही स्वप्नातच असल्यासारखं वाटत होतं. ते या टाकीनं मोडलं.

मी वर गेलो. पहिली खोली लातूरच्या शकुंतलाकाकूंची. बाथटब काठोकाठ भरलेला, वर कचरा पडू नये म्हणून टॉवेल अंथरलेला. बेसिन भरलेलं. किटली भरलेली. खिडकीत रिकाम्या बाटल्या भरून रांगेत लावलेल्या.

"काकू, हे काय?"

"नळ आलता की."

"इथं नळ जात नाही, काकू."

"आधी समदे असंच म्हणतेत."

बाकीच्या खोल्यांतही तेच. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. नळ दिसला की भरून घ्यायचं, ही हाताला आपोआप लागलेली सवय होती. आणि हॉटेल जुनं, टाकी लहान, ती भरायची फक्त रात्री. मला रागही आला आणि वाईटही वाटलं.

मालकीणबाईंचं म्हणणं सरळ होतं. टब रिकामे करा आणि दुपारी खोल्या सोडा. मी ग्राउंड हँडलरला, म्हणजे तिथली बुकिंग बघणाऱ्या आमच्या माणसाला, फोन लावला. सीझन होता. किनाऱ्यावर एवढ्या लोकांना कुठंच जागा नव्हती. साठी उलटलेली माणसं बॅगा घेऊन बंदरावर बसलेली मला डोळ्यांसमोर दिसू लागली. ही बातमी उदगीरला आमच्या आधी पोचली असती आणि माझा धंदा तिथंच आटोपला असता.

"काकू, बूच काढा. मी पाया पडून माफी मागतो त्यांची."

काकूंनी बुचावर हात ठेवला. "खोली गेली तर जाऊ द्या. भरलेलं पाणी मोरीत सोडणार न्हाई."

"काकू, हट्ट करू नका!"

"हट्ट न्हाई. त्या बाईचं पाण्यावाचून काय काय अडलंय, ते इच्चारा आधी."

विचारलं. चादरी धुवायच्या होत्या, फरशी पुसायची होती, गच्चीवरच्या कुंड्या सुकल्या होत्या. शिवाय तो जर्मन.

मग जे झालं ते टूरच्या कुठल्याच छापील कार्यक्रमात नव्हतं. टँकर आल्यावर लागते तशी जिन्यावर माणसांची ओळ लागली. कचऱ्याचे डबे विसळून घेतले, पुसायच्या बादल्या आल्या. बर्म्युडा घातलेले अप्पा मधल्या पायरीवर. "सांडू नका रे, लई महाग हाय!" पाणी हातोहात निघालं. पहिला डबा जर्मनाच्या दारात गेला. तो टॉवेलवरच हात जोडून उभा राहिला.

मालकीणबाई खाली कमरेवर हात ठेवून बघत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी बाह्या सारल्या आणि काकूंच्या शेजारी ओळीत शिरल्या. मला म्हणाल्या, "लहानपणी मीसुद्धा अशीच उभी राहायचे. आमच्या गल्लीला एकच नळ होता." मी ते काकूंना मराठीत सांगितलं. काकूंनी त्यांच्या हातात भरलेली बादली दिली.

खोल्या आमच्याकडेच राहिल्या. पुढचे दिवस कुणी टब भरला नाही.

निघताना खोल्या तपासायच्या, हा आमच्या धंद्यातला नियम. सगळे टब कोरडे होते. काकूंच्या खिडकीत मात्र एक बाटली भरलेली होती.

"काकू, ही राहिली."

"राहिली न्हाई, ठिवलीय. मागून कोण येईल त्याला. आल्या आल्या नळ नसला तर?"

तेव्हापासून मी बुकिंग करताना शॉवरच्याच खोल्या मागतो, बाथटबच्या घेत नाही. पण ती बाटली मी ओतली नाही.