डाव्या हाताची नखं

आक्का वॉर्डात शिरल्या की आधी पाण्याचे तांबे बघत, मग माणसं. हात लावण्यापूर्वी तळवे चोळून गरम करत. तापलेल्या लेकराच्या कपाळाआधी पाऊल चाचपत. ऑपरेशन झालेल्या बाईला "दुखतंय का?" असं विचारत नसत, "जरा कुशीवर वळता का?" म्हणत आणि तिचा चेहरा बघत. कण्हणाऱ्याला धीर देत, गप्प पडलेल्याकडे मात्र दोनदा जात. आणि जेवणाची गाडी येण्याआधी कुणाची तरी नखं कापत. "हे काय नर्सचं काम आहे?" असं कुणी म्हटलंच, तर उत्तर ठरलेलं: "हात हातात घ्यायला निमित्त नको का?"

खिडकीजवळच्या पलंगावर हेडमास्तर होते. निवृत्त होऊन जमाना लोटला, पण छडी जिभेवर शिल्लक होती. मधुमेहामुळे चिघळलेली पायाची जखम भरत आली होती. आज घरी जायचं होतं. इतके दिवस त्यांनी वॉर्डाला सळो की पळो करून सोडलं होतं. चहा गार, चादर वाकडी, डॉक्टरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लेक दिसली की सरबत्ती दुप्पट.

आक्का त्यांची नखं कापायला बसल्या तेव्हा लेक सामान भरत होती. डोळे ओले, ओठांवर हसू.

"आक्का, बाबा मला बाळ म्हणाले! पिशवी छान भरतेस म्हणाले!"

"सोन्याहून पिवळं," आक्का म्हणाल्या. मास्तरांचा उजवा हात ओलसर लागला. उकाडा असेल, असं वाटलं. पण शेवटी अंगठ्याचं नख तिरकं गेलं.

"मास्तर, वाकडं कापलं की हो!"

"छान कापलंत," मास्तर हसले.

आक्कांनी नेलकटर खाली ठेवलं. मास्तरांच्या मानेला हात लावला. गार घाम.

"आज वार कोणता, मास्तर?"

"छान आहे."

लेकीचा आवाज चढला. "आक्का, उभ्या जन्मात पहिल्यांदा गोड बोललेत ते. त्यालाही आजार म्हणणार?"

"हो. म्हणणार."

बोटाला सुई टोचली. साखर पार तळाला गेली होती. सकाळी इन्सुलिन दिल्यावर नाश्त्याची रिकामी ताटली आक्कांनीच उचलली होती. ताटली रिकामी म्हणजे पोट भरलेलं, असं धरून चालल्या होत्या.

शेजारच्या पलंगावर प्लास्टरमधला शिंपी चाचरला. "मी खाल्लं ते. मास्तरच म्हणाले, मी आज घरी जेवणार, वाया कशाला घालवायचं?"

लेक साखरपाण्याचा पेला घेऊन धावली. आक्कांनी तिचं मनगट धरलं. "आत्ता तोंडातून नको. गुंगीत आहेत. ठसका लागला तर छातीत उतरेल."

डाव्या हातातली सलाईनची सुई अजून काढली नव्हती, हे नशीब. डॉक्टर धावत आले, आकडा बघितला, म्हणाले, "ग्लुकोज द्या." आक्कांची सिरिंज तयारच होती.

लेक बापाच्या पायाशी उभी राहिली. आधी त्यांची मान हलली. मग डोळे उघडले. मास्तरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"इथं काय तमाशा चाललाय? आणि तू रडतेस काय? पिशवीचा बंद नीट बांध!"

"आले," लेक हुंदक्यातून हसली. "आले माझे बाबा."

घरी जाणं एक दिवस पुढे गेलं. "ताटली मी विचारून उचलायला हवी होती," आक्कांनी डॉक्टरांना सांगितलं. मग मास्तर जेवेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. जेवता जेवता मास्तरांनी लेकीकडे न बघता विचारलं, "मी बाळ म्हणालो का गं?"

"म्हणालात."

"हं." ते घास चावत राहिले. "मग म्हणालो असेन. तू जेवलीस का?"

पलीकडे एका मुलीला दम लागला होता. आक्का तळवे चोळत तिकडे निघाल्या. मागून आवाज आला, "अहो आक्का, अंगठा वाकडा कापलात! आणि हा डावा हात कोण करणार?"

"येते!"

नेलकटर उशाशी पडून राहिलं. आक्कांची ड्युटी संपली तरी डाव्या हाताची नखं तशीच होती.