वत्सलाचा तक्ता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. लपवायला फार कष्ट पडले असंही नाही. कुणी विचारलं नाही, आणि मी आपली पोळ्या लाटत, नोकरी करत, हसतखेळत इथवर आले. तुम्हाला वाटेल, आता ही बाई रडायला बसणार. नाही हो. गुडघे सोडले तर माझी कशाबद्दल तक्रार नाही. मी सुखात आहे — आणि खरं सांगायचं तर तीच अडचण आहे.

सुरुवात इटालियन क्रियापदांपासून करावी लागेल. हसू नका. नागपुरात, गोळीबार चौकाजवळच्या एका गल्लीत, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, दोन मुली दुपारी ओट्यावर बसून इटालियन क्रियापदं चालवत होत्या. एक मी. दुसरी वत्सला. ती कोष्ट्यांच्या घरची, घरात तीन हातमाग. आम्ही शाळेपासून एकत्र, कॉलेजातही एकाच बाकावर.

इटालियन आमच्याकडे आलं ते हवालदारकाकांमुळे. काका आमच्या शेजारचे, दुसऱ्या महायुद्धात पकडले गेले आणि इटलीतल्या कैद्यांच्या छावणीत राहून आले. त्यांना ती भाषा येते म्हणून वत्सला त्यांच्या मागे लागली. पण काकांच्या इटालियनची एक गंमत होती — त्यात नुसते हुकूम होते. अल्त्साती, म्हणजे ऊठ. आस्पेत्ता, थांब. मांजा, खा. "मी बोलतो", "तो बोलला", "आम्ही बोलू" हे काही येईना. वत्सलाने विचारलं तेव्हा काका म्हणाले, "अवं पोरी, मले तिथं हुकूमच ऐकू आले. बाकीचं कोन शिकवीन?"

मग वत्सलाने सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून इंग्रजीतलं एक इटालियन व्याकरण शोधून आणलं. मागची पानं वाळवीने खाल्लेली. ते उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. साधं विधान करायचं तर आठ काळ! शिवाय आज्ञार्थ वेगळा, 'झालं असतं तर' वेगळं, आणि इच्छा, भीती, शंका यांच्यासाठी क्रियापदाची आणखी एक निराळीच चाल. प्रत्येक ठिकाणी मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते — सहा रूपं. मी म्हटलं, सोडून दे बाई. आपल्याला कुठे जायचंय तिकडे?

वत्सलाने सोडलं नाही. तिने काय केलं सांगू? घरातून चौकड्यांचा कागद आणला — साडीच्या काठाची नक्षी ज्यावर मांडतात तो. सहा माणसं उभ्या ओळींत, काळ आडव्या ओळींत. माणसागणिक एक रंग — 'मी' लाल, 'तू' हिरवा, असे सहा. आणि एका चौकडीतून दुसऱ्या चौकडीत जाताना शब्दाचा शेवट जिथे बदलतो तिथे ठिपका. पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो — मी बोलतो, तू बोलतोस, असं सहाही जणांचं. पंधरा दिवसांत तो कागद भरला, तेव्हा पुस्तकात चाळीस पानांवर पसरलेलं सगळं एका नजरेत दिसत होतं. नियमातून सुटणारी क्रियापदंसुद्धा. "हे पाय," ती बोट ठेवून म्हणायची, "इथं धागा तुटून राहिला." मला ते पाठ करावंच लागलं नाही, बघूनच आलं. इतकी हुशार पोरगी मी पुन्हा पाहिली नाही. तेव्हाही मला हे कळत होतं, हे लक्षात ठेवा.

वर्ष-दीड वर्षाने बातमी आली. कळमेश्वरच्या एका कारखान्यात इटलीहून यंत्रं येणार होती, ती बसवायला तिकडचे फिटर येणार होते, आणि त्यांचं बोलणं इकडच्या कामगारांना समजावून सांगायला कुणीतरी हवं होतं. जागा एकच. आम्ही दोघींनी अर्ज केले. दोघींना बोलावणं आलं — मला आदल्या दिवशी, तिला दुसऱ्या दिवशी. नोकरी तर तिला हवीच होती. पण त्याहून मोठी हौस वेगळी होती. दोन वर्षं शिकलेली भाषा तिला एकदा खऱ्या इटालियन माणसाशी बोलायची होती. "एकदा बोलू दे वं मले," म्हणायची, "मग ठेवा नाही तर घालवा."

आणि तरी तिने तक्ता मला दिला. त्यांच्या घरचा कडक नियम होता — नक्षीचा कागद दुसऱ्याच्या हाती जात नाही. तिच्या वडिलांनी तो सख्ख्या भावालाही दिला नसता. वत्सलाने तो माझ्या वहीत घालून दिला. "उजळणी कर. पन उद्या संध्याकाळी आनून दे, मले परवा लागन." माझ्यासाठी तिने घरचा नियम मोडला, आणि मी —

थांबा, क्रमाने सांगते. नाहीतर मी पळवाट काढीन.

कारखान्याच्या ऑफिसात एक इटालियन इंजिनीयर बसला होता. भला माणूस, टक्कल पडलेला, घामाने बेजार. त्याने काहीतरी विचारलं आणि माझं पार पाणी झालं. एक शब्द सुचेना. सुचले ते हवालदारकाकांचे — अल्त्साती! आता साहेबाला 'ऊठ' कसं म्हणणार? त्याने घड्याळाकडे पाहिलं. मी घाबरून वही उघडली, तर त्याला तक्ता दिसला. त्याने तो ओढून घेतला. चष्मा लावला. ओळीवर बोट फिरवत गेला आणि मोठ्याने हसला — आनंदाने. मग माझ्याकडे बघून विचारलं, "की ला फात्तो?" हे कोणी केलं?

प्रश्न मला नीट समजला होता. समजला नव्हता असं म्हणायची सोय नाही.

"इओ," मी म्हटलं. मी.

त्या दिवशी मी एवढं एकच उत्तर न अडखळता दिलं.

संध्याकाळी तक्ता परत केला. वत्सला सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, काय विचारलं, कसा आहे साहेब? मी सगळं सांगितलं — टक्कल, घाम, पंखा बंद होता ते. तेवढं एक सोडून. बोलायला तासभर होता माझ्याकडे. 'उद्या हा कागद तिथे काढू नकोस' असं तरी म्हणता आलं असतं ना? म्हटलं नाही. मनात घोकत राहिले की साहेब विसरेल, त्याला काय आठवतंय. तिने कागद जपून पिशवीत ठेवला, आणि मी बघत बसले.

दुसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा मी विचारलं, कसं झालं? "नाही जमलं वं," म्हणाली. "मले बोलताच नाही आलं." आणि नळावर पाणी भरायला गेली. नोकरीचं पत्र मला आलं. माझ्यासाठी पेढे घेऊन सगळ्यांत आधी तीच आली.

तुम्हाला वाटलं असेल, कबुली देऊन झाली. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं — एक शब्द, घाबरून तोंडातून गेलेला, त्याचं काय एवढं? पण मला जे सांगायचंय ते हे नव्हे.

नोकरीला लागून चार-पाच महिने झाले होते. आता मला छान बोलता येत होतं, फिटर लोक माझी थट्टा करत, मी त्यांची. एका दुपारी इंजिनीयरसाहेब चहा पिताना गोष्ट सांगायला लागले. म्हणाले, तू येऊन गेलीस ना, तर दुसऱ्या दिवशी एक मुलगी तुझाच कागद घेऊन आली. तोच! मी विचारलं, कोणी केला? तर छातीवर हात ठेवून म्हणते, इओ. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस, ज्या मुलीने केला ती काल येऊन गेली. तरी आपलं, इओ, इओ. शेवटी मी तिला जा म्हटलं. साहेबांनी तिची नक्कल केली — छातीवर हात, मोठे डोळे. टेबलाभोवतीचे सगळे हसले.

मीही हसले.

घाबरले नव्हते तेव्हा. नोकरी पक्की झाली होती, साहेबांचा माझ्यावर लोभ होता. खरं सांगितलं असतं तर ते रागावले असते, दोन दिवस बोलले नसते, बस. भाषा येत होती, वेळ होता, चहाचा कप हातात होता. आणि मी हसले — चांगली खळखळून, बिस्किटाच्या तुकड्याचा ठसका लागेपर्यंत. वत्सलाची दोन वर्षांची हौस होती ना, खऱ्या इटालियन माणसाशी एकदा बोलायचं? त्या माणसाशी ती एकच शब्द बोलू शकली, तो खरा होता, आणि त्यावर ती खोटी ठरली. हे मला त्याच क्षणी कळलं. तिला सगळं माहीत आहे, आणि तरी ती पेढे घेऊन आली होती, हेही त्याच क्षणी कळलं. आणि तरी हसू थांबलं नाही.

पुढे सगळं चांगलंच झालं. फिटर परत गेले, मला कारखान्यानेच ऑफिसात ठेवून घेतलं. नवरा तिथलाच, स्टोअरमधला. मुलगी झाली, घर झालं. वत्सलाचंही बरं चाललं. लग्नानंतर ती उमरेडला गेली, तिथे स्वतःचा माग घातला, नव्या नक्ष्या काढल्या, सुनांना शिकवलं. आमची मैत्री तुटली नाही. मी जाते, ती येते, आम्ही भिवापुरी मिरचीचा ठेचा खाऊन डोळे पुसतो आणि पुन्हा खातो. एकदा मी न कळवता गेले तेव्हा ती मागावर होती. मागाच्या ठोक्यावर हळू आवाजात म्हणत होती — पार्लो, पार्ली, पार्ला. मी दारातच उभी राहिले, सहावं रूप होईपर्यंत. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "काहून उभी राहिली वं? ये की आत."

माझ्या लग्नात तिने स्वतः विणलेली साडी दिली. पांढरी, अंगभर साधी, आणि काठावर बारीक चौकड्या. घडी उलगडली आणि मी ओळखलं. तोच तक्ता. सहा रंग, ओळीने, लाल सगळ्यांत आधी, ठिपके जिथल्या तिथे. एकही चौकडी तिने गाळली नव्हती. "तुह्यासाठीच घातली होती मागावर," म्हणाली. एवढंच. टोमणा असता तर मला पचवता आला असता. तिच्या डोळ्यांत टोमणा नव्हता, मी नीट पाहिलं.

ती साडी मी खूप नेसले. मला ती आवडते, तिच्यात मी चांगली दिसते. लोक काठ हातात घेऊन विचारतात, किती सुंदर, कोणी विणली? आणि मी लगेच सांगते — माझ्या मैत्रिणीने, वत्सलाने. हे सांगायला मला कधी जड गेलं नाही. त्यात माझं काही जात नव्हतं.

काठावरची ती नक्षी मुळात काय आहे, ती कोणी मांडली, हे कुणी विचारत नाही. तक्ता वत्सलाने केला होता. मी केला नव्हता. तिला खोटं ठरवलं गेलं ते माझ्यामुळे, आणि ते मला सांगितलं गेलं तेव्हा मी हसले.