लूकचा पंधरावा अध्याय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, पाळकसाहेबांनाही नाही. देवाला सांगितलं का? — रोज सकाळी गुडघे टेकते, इकडचं तिकडचं सगळं सांगते, आणि नेमकं हे ओठांवर आलं की आमेन म्हणून उठते. असं किती वर्षं करायचं माणसानं? वैताग आलाय मला. माझाच.

आमच्या चर्चच्या मंडळीत मला मान आहे. दर बुधवारी भगिनींच्या सभेत त्या दिवसाच्या वाचनावर मनन मीच करते. बायका म्हणतात, सुमनताई, तुमचं ऐकलं की मन हलकं होतं. आणि मी घरी येते ती चिडून. पातेली आदळते. कुणावर चिडलेय ते ह्यांना कळत नाही. कसं कळणार?

सासूबाईंपासून सांगते. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. रत्नागिरीत आमचं दोन खोल्यांचं चिऱ्याचं घर, पुढे पडवी. काचबिंदूनं सासूबाईंचे दोन्ही डोळे गेलेले. जन्मभर त्यांनी रोज बायबल वाचलं होतं. डोळे गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मंडळीतून एक पुस्तिका मिळायची — कुठल्या दिवशी कुठला अध्याय वाचायचा, ते तिच्यात दिलेलं. सकाळचा चहा झाला की त्या पडवीत येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "वाच गो." मी वाचायचे. त्या दिवशी जे निघालं तोच त्यांचा कायदा. क्षमेचं वचन आलं, तर जिच्याशी बोलणं टाकलं होतं त्या शेजारणीच्या दारात त्यांनी मला हाताला धरून न्यायला लावलं. खरंच.

त्यांचं न्हाणं, जेवण, औषध — सगळं माझ्याकडे. आणि तोंडात नाव एस्तेरचं. एस्तेर माझी नणंद, त्यांची धाकटी. मंडळीबाहेरच्या मुलाशी लग्न करून ती राजापूरला निघून गेली होती. तेव्हा ह्यांनी तिच्याशी संबंध तोडले, सासूबाईंनीही मान डोलावली. पण आमटीत मीठ कमी पडलं की — "एस्तेरचा हात बरोबर पडायचा हो." किती ऐकून घ्यायचं?

एका संध्याकाळी शेजारचे गजाभाऊ आले. ते एसटीत कंडक्टर, राजापूरच्या गाडीवर असायचे. पायरीवर उभ्यानंच म्हणाले, "एस्तेर भेटली होती स्टँडावर. नवरा गेलाय मुंबईला, त्याचा पत्ता नाही. तिला सातवा महिना. विचारत होती — आईकडे येऊ का?"

हे खाली बघत म्हणाले, "आई, तू म्हणशील तसं."

सासूबाईंनी गजाभाऊंच्या आवाजाकडे तोंड वळवलं. "माझ्या मनाचं नको," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी वचनात काय येतं ते बघू. गजाभाऊ, गाडीवर जाण्याआधी येऊन जा हो."

सकाळी चहा उकळेपर्यंत मी पुस्तिका उघडली. आदल्या दिवशी लूकचा चौदावा अध्याय झाला होता. आज पंधरावा. घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येतो, आणि बाप त्याला लांबूनच पाहून धावत सुटतो — तो.

त्या गोष्टीत थोरलाही आहे. शेतात राबून घरी येतो, आतलं गाणं-बजावणं ऐकतो आणि आत पाऊल टाकायचंच नाकारतो. इतकी वर्षं तुमची चाकरी केली, म्हणतो, मला कधी एक करडूसुद्धा दिलंत का? स्टोव्हपाशी उभी राहून मी तेवढाच भाग पुन्हा वाचला. रडू नाही आलं — संताप आला. मला तरी काय दिलं होतं कुणी? आता ती येणार, बाळंतपण मी काढणार, आणि आई तिच्या केसांवरून हात फिरवत बसणार!

पडवीत गेले. बायबल उघडलं. आणि पानं पुढे सारली. पौलानं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र, पाचवा अध्याय — वाईट वागणाऱ्याला आपल्यातून काढून टाका, त्याच्याबरोबर जेवूसुद्धा नका. सावकाश वाचला. आवाज छान लागला होता माझा.

सासूबाई म्हणाल्या, "काल लूक होतं ना गो?"

"आज पुस्तिकेत हेच दिलंय, आई."

एवढंच. एवढंच बोलले मी.

त्यांनी हात पुढे करून माझ्या मांडीवरचं बायबल मिटलं. मग म्हणाल्या, "नको म्हणावं तिला." गजाभाऊ आले तेव्हा निरोप मीच दिला. "वहिनी, अवघडलेली आहे ती," ते म्हणाले. मी म्हटलं, "आईंचा शब्द आहे." दुसऱ्या दिवशी लूकचा सोळावा अध्याय वाचला. सासूबाईंनी काही विचारलं नाही.

एस्तेर राजापुरातच एका ओळखीच्या बाईकडे बाळंत झाली. आमच्या दारात आली ती आई गेल्यावर, तान्ही मुलगी कडेवर घेऊन. कबरीपाशी पाळकसाहेबांनी माझं नाव घेऊन सांगितलं, ह्या सुनेनं आंधळ्या सासूचे डोळे होऊन वचन वाचलं. एस्तेर माझ्या गळ्यात पडली. "वहिनी, आई माझ्याबद्दल काही बोलली का गो?" मी काय सांगितलं? — "देवाची इच्छा." खोटं मी बोलले, आणि ढकललं त्याच्या अंगावर.

तेव्हापासून ती दर मे महिन्यात पोरीला घेऊन येते. माझ्यासाठी काजूगर आणते. आईच्या जागी मानते मला. एकदा तरी भांडावं तिनं, वाट्टेल ते बोलावं! पण नाही. ती गेली की मी दोन-दोन दिवस धुमसत असते. आणि तो अध्याय पुस्तिकेत दरवर्षी येतोच. बुधवारी आला तर मी घसा बसलाय म्हणते, मनन दुसरीला करायला लावते.

पण सगळं सांगून झालेलं नाही. इथपर्यंतचं रागाच्या भरात झालं, असं म्हणता तरी येईल. पुढचं रागाच्या भरात झालं नाही.

शेवटी शेवटी सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. एका दुपारी मी त्यांचे केस विंचरत होते. म्हणाल्या, "सुमन, ती धाकट्या मुलाची गोष्ट वाच ना गो. बाप धावत जातो ती. फार दिवस झाले ऐकून." बायबल उशाशीच होतं. गजाभाऊंकडे निरोप दिला असता, तर एस्तेर दुसऱ्या दिवशी आली असती. खरं सांगते, तेव्हा मनात राग नव्हता. भीती होती — ऐकता ऐकता आईंच्या लक्षात आलं तर, की त्या सकाळी हेच वाचायचं होतं?

मी म्हणाले, "पुस्तिकेत येईल तेव्हा वाचू, आई."

त्यांनी मान डोलावली. वचनापुढे आपलं मन रेटायचं नाही, ही त्यांचीच शिस्त. मी वेणी घालून दिली.

पुढे जेवढे दिवस त्या होत्या, तेवढे दिवस रोज सकाळी मला धाकधूक — आज विचारतील का? नाही विचारलं त्यांनी. आणि रोज मला हायसं वाटायचं.