आमच्या वहिनींचं अमेरिकन युद्ध

अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमी झालेली हुबळीतली एकमेव व्यक्ती म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी. उजव्या हाताच्या बोटांवर तव्याचा डाग होता आणि तो त्या पदकासारखा मिरवायच्या. एकदा पिठाच्या डब्याला पुस्तक टेकवून त्या ज्वारीची भाकरी भाजत होत्या. पुस्तकात दक्षिणेकडचा एक मोठा सेनापती दिवसभराची लढाई जिंकून अंधारातून परतत होता आणि त्याच्याच शिपायांनी शत्रू समजून त्याच्यावर गोळ्या झाडल्या. वहिनींचा हात तव्यावर तसाच राहिला. त्या कळवळून ओरडल्या, पण ते त्या सेनापतीसाठी. आपली बोटं भाजल्याचं त्यांना भाकरीच्या करपल्या वासावरून कळलं. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बोटांना खोबरेल तेल लावता लावता म्हणाला, "अगं, तो गुलाम ठेवणाऱ्यांच्या बाजूचा ना? मग तुला कशाला एवढं वाईट वाटतंय?" वहिनी म्हणाल्या, "चुकीच्या बाजूला असला म्हणून गोळी कमी लागते का हो माणसाला?"

वहिनी बेळगावच्या. आमच्या वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, आणि त्याच साली आमची हुबळी मुंबई राज्यातून उठून म्हैसूर राज्यात गेली. वडील म्हणायचे, एका वर्षात धर्मही बदलला आणि सरकारही, आता फक्त घरातली माणसं शिकायची राहिलीत. म्हणून अण्णासाठी मुलगी बघताना त्यांनी रंग, उंची, देणंघेणं काही पाहिलं नाही. "एम. ए. झालेली आहे, इतिहास घेऊन," एवढं ते गल्लीभर सांगत सुटले. अण्णा रेल्वेच्या कारखान्यात होता, मी बँकेत नुकताच चिकटलो होतो. लग्नानंतर वर्षाच्या आत वहिनी मुलींच्या एका हायस्कूलमध्ये टीचर झाल्या. शिकवायच्या कन्नडमध्ये, रागवायच्या मराठीत, आणि स्वप्नं, अण्णाच्या म्हणण्याप्रमाणे, इंग्रजीत पडायची त्यांना.

ते पुस्तक घरात आलं तेही वहिनींच्या पद्धतीनं. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची भांडी आणायला म्हणून त्या कोप्पीकर रोडला गेल्या आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून उशीएवढं जाड, पुठ्ठा निघालेलं इंग्रजी पुस्तक छातीशी धरून परतल्या. भांडी दुसऱ्या दिवशी आईनं जाऊन आणली. त्या पुस्तकात इतिहास होता, पण आम्ही शाळेत पाठ केला तसला कारणे आणि परिणामांचा नव्हता. त्यात पाऊस पडत होता, चिखलात तोफांची चाकं रुतत होती, शिपाई बायकोला पत्र लिहिताना शेवटच्या ओळीत अडखळत होता. शब्दकोश शेजारी ठेवून वहिनींनी ते वाचलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात अमेरिकेतले ऋतू सुरू झाले.

पोळपाटावर पिठात बोटानं नदी काढायच्या. अलीकडे उत्तरेची फौज, पलीकडे दक्षिणेची. अण्णा ताट मांडून बसलेला. "वाढतेस ना?" त्यानं विचारलं की, "थांबा, पूल बांधून होऊ द्या," असं उत्तर यायचं. उत्तरेचा एक सेनापती होता म्हणे, त्याच्यापाशी फौज होती, तोफा होत्या, दारूगोळा होता, फक्त तो जागचा हलत नसे. कुठलाही माणूस ओळखायला वहिनींना तो एकच सेनापती पुरे होता. बढतीसाठी साहेबाला भेटायला अण्णा टाळाटाळ करू लागला की त्या मला म्हणायच्या, "भावजी, तुमचे बंधू बघा, पुन्हा तळ ठोकून बसलेत!" एकदा धारवाडहून बसनं येताना शेजारी अळणावरकडची एक शेतकरी बाई बसली होती. तिला उणकलला लेकीकडे उतरायचं होतं. वहिनींनी धारवाडात लढाई सुरू केली. उणकल आलं तेव्हा निरोप घेऊन निघालेला घोडेस्वार अजून पोचलेला नव्हता. ती बाई उतरलीच नाही. थेट हुबळीच्या स्टँडवर उतरली आणि तिथून उलटी बस धरताना वहिनींना बजावून गेली, "अक्का, वेळेवर पोचला असता तर वाचली असती की हो पोरं!"

पण वहिनी त्या पुस्तकाच्या नुसत्या भक्त नव्हत्या. एकदा दुपारी वाचता वाचता त्या थांबल्या, मागची पानं उलटू लागल्या, आणि चेहरा उतरलेला. मी विचारलं काय झालं. "भावजी, ह्यात सेनापतींच्या घोड्यांची नावं आहेत. कुठला घोडा कुठल्या रंगाचा तेही आहे. पण त्याच तंबूत स्वयंपाक करणारा गुलाम आहे ना, तो नुसता 'एक नोकर' आहे. ज्याच्यापायी एवढं रामायण झालं, त्यालाच नाव नाही." मी म्हटलं, मग ठेवून द्या बाजूला. तर माझ्यावरच उसळल्या. "का म्हणून? सांगावं कसं हे ह्याच्याकडूनच शिकायचं. कुणाचं सांगावं ते आपलं आपण ठरवायचं." त्यानंतर त्या विद्यानगरातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात चकरा मारू लागल्या, तिथल्या ओळखीच्या प्राध्यापिकेच्या कार्डावर पुस्तकं आणू लागल्या, आणि त्यांच्या युद्धात नवी माणसं यायला लागली. जिथं नाव सापडलं नाही तिथं त्या रचून सांगत नसत. "ह्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही," असं म्हणून क्षणभर गप्प बसायच्या, मग पुढे निघायच्या.

हे शाळेतही सुरू झालं आणि तिथं अडचण आली. नववीच्या पुस्तकात त्या युद्धाचा एक आखूड धडा. वहिनींनी तो दिवाळीच्या सुट्टीपासून धरला तो संपेचना. एका पालकानं तक्रार केली की टीचर अभ्यासक्रम सोडून भलत्याच देशाचं युद्ध लढतात. त्याच्या आड दुसरी कुजबुज होती, ती आम्हाला नंतर कळली. ह्या बाई कुठल्या समाजातल्या ते ठाऊक आहे ना, गुलामगिरीचाच धडा बरा लांबवतात! व्यवस्थापक मंडळानं बोलावणं धाडलं. नोकरी तात्पुरत्यातून कायम व्हायची होती, अण्णाची कारखान्यात पाळी होती, म्हणून सोबत मी गेलो. मला बाहेर व्हरांड्यात बाकावर बसवलं, पण खिडकी उघडी होती.

अध्यक्ष कापसाचे मोठे व्यापारी. पिढ्यान्‌पिढ्यांची पेढी, बोलणं कमी, मिशा भरपूर. "कुंद्री, टीचर," म्हणून त्यांनी बसायला सांगितलं आणि कन्नडमध्ये सरळ विचारलं, "आपल्या मुलींना ह्या अमेरिकेचं काय करायचं आहे?"

मी बाकावरून उठून खिडकीपाशी सरकलो. वहिनी मात्र पदर सावरून तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या पणजोबांना विचारायला हवं होतं, साहेब. त्यांना चांगलं ठाऊक होतं."

आणि वहिनींनी सुरू केलं. तिकडे दक्षिणेत कापूस पिकायचा, तो गुलाम वेचायचे आणि विलायतेच्या गिरण्या त्याच्यावर चालायच्या. युद्ध पेटलं, उत्तरेच्या जहाजांनी बंदरं कोंडली, कापूस अडकला. गिरण्या थंडावल्या, तिथले मजूर उपाशी पडले. मग गिरणीवाल्यांची नजर फिरत फिरत आली कुठे? आपल्या धारवाडच्या काळ्या रानावर. घाटातून कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली ती थेट कुमठ्याच्या बंदरापर्यंत. ज्यांच्या घरावर कौलं नव्हती त्यांनी माडी चढवली. सांगता सांगता वहिनींनी टेबलावरचा दौतीचा ठोकळा बंदरात नेऊन ठेवला होता, आणि मंडळाचे एक सभासद बैलगाड्यांना वाट करून द्यावी तसे आपले कागद बाजूला घेत होते.

वहिनी मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "असो. साहेबांचा वेळ मोडतोय."

"टीचर, मुंद एनातरी?" अध्यक्षांनी विचारलं. पुढे काय झालं हो? आवाज बदलला होता.

"पुढे युद्ध संपलं. गुलाम सुटले. बंदरं उघडली, तिकडचा कापूस पुन्हा वाहू लागला, आणि इकडचा भाव एका हंगामात कोसळला."

अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आमच्या घरात सांगतात, पणजोबा एका पावसाळ्यात म्हातारे झाले. का झाले ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं." तक्रारीचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. वहिनी त्याच वर्षी कायम झाल्या. घरी परतताना मी टांग्यात त्यांच्यासमोर असा ताठ बसलो होतो की जणू त्या बंदराची नाकेबंदी मीच मोडून आलो होतो.

वहिनींची मोठी मैफल मात्र आमच्या वस्तीतल्या विहारात झाली. एका रविवारी वंदना झाल्यावर त्यांनी एका गुलाम नावाड्याची गोष्ट सांगितली. गोरा कप्तान रात्री किनाऱ्यावर गेलेला. ह्यानं कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली, बायकामुलांना जहाजात दडवलं आणि जहाज हाकारलं. वाटेत किल्ले, प्रत्येक किल्ल्यावर तोफा. प्रत्येक किल्ल्यापाशी त्यानं कप्तानासारखंच उभं राहून बरोबर शिटीची खूण दिली. शेवटचा किल्ला मागे पडला तेव्हा उजाडत होतं, आणि समोरच्या उत्तरेच्या जहाजांना दिसावी म्हणून त्यानं पांढरी चादर फडकवली. वहिनींनी त्या माणसाचं नाव सांगितलं आणि सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं. माझ्या आईनं त्या नावाचं पार मराठी करून टाकलं, आणि पुढे मरेपर्यंत ती त्याचा उल्लेख माहेरच्या माणसासारखा करायची. "पोरंबाळं घेऊन निघाला बघ," म्हणायची, "एकटा नाही पळाला." त्या दिवशी विहारातून बाहेर पडताना आईला अक्षर येत नव्हतं तरी ती भेटेल त्याला सांगत होती, "माझी सून सांगत होती ती!" सुनेचं असं कौतुक करणारी सासू आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच पाहिली असावी.

वहिनींच्या हाताखालून किती मुली गेल्या, देव जाणे. फळ्यावर वहिनींसारख्याच नद्या काढणाऱ्या त्यांच्या दोघी विद्यार्थिनी आज स्वतः इतिहास शिकवतात हे मला ठाऊक आहे, आणि ते मी ओळखपाळख नसलेल्या माणसालाही सांगतो.

अण्णा गेल्यावर वहिनी उणकलच्या नव्या घरात लेकाकडे राहायला गेल्या. काचबिंदूनं नजर गेली. मी निवृत्त झालो होतो, संध्याकाळी तलावाकडच्या खिडकीत बसून त्यांना तेच जुनं पुस्तक वाचून दाखवायचो. माझे इंग्रजी उच्चार ऐकून त्या हसायच्या, पण सोसायच्या. एकदा आम्ही एका मोठ्या लढाईपाशी आलो. आदली संध्याकाळ होती. दोन्हीकडच्या छावण्यांत शेकोट्या पेटल्या होत्या, कुणी गाणं म्हणत होतं, कुणी नदीपलीकडच्या शत्रूला तंबाखू मागत होतं. मी पान उलटणार तोच वहिनींनी हात वर केला.

"आज इथंच थांबा, भावजी."

"अहो, आता तर लढाई!"

"उद्या. आज सगळी जिवंत आहेत."

मी पुस्तक मिटलं. मग सुनबाईंनी चहा आणला आणि आम्ही आंब्याच्या भावाबद्दल बोललो. त्यानंतर प्रत्येक लढाईच्या आदल्या संध्याकाळी त्या मला असं थांबवायच्या. पुस्तक संपायला त्यामुळे फार दिवस लागत होते, आणि ते आम्हा दोघांनाही चालत होतं.

शेवटी त्या गेल्या तेव्हा थोडीच पानं उरली होती. महिन्याभरानं मी त्याच खिडकीत बसून ती वाचून काढली. तह झाला, शिपाई आपापल्या गावांच्या वाटेला लागले. सगळं ठाऊकच होतं मला. तरी मी मोठ्यानंच वाचलं, आणि उच्चार जमतील तेवढे नीट केले.