दहाव्याचा माईक

पुणतांब्याच्या घाटावर दहावा म्हटला की स्पीकर कृपादानचाच. श्रद्धांजलीच्या नावाखाली कोणीही उठतो आणि गेलेला माणूस सोडून भलतंच बोलत सुटतो, हे नगर जिल्ह्याला सांगायला नको. बावीस वर्षांत कृपादानने सगळे पुढारी सोसले, पण बोलणाऱ्याचा माईक कधी बंद केला नाही. "आवाज माझा, शब्द ज्याचे त्याचे," तो म्हणायचा. वकिली शिकणारी त्याची लेक आराधना चिडायची. "द्वेष पसरवायला कायद्यात मुभा नाही, पप्पा." "मग कुठं थांबवायचं हे ठरवनार कोन?" तो विचारायचा, की दोघांची जुंपलीच.

सहादेव शेतकरी, कृपादानचा जिवाचा दोस्त. त्याच्या दहाव्याला बाहेरगावचा एक पुढारी उठला आणि दोन मिनिटांत घसरला. ख्रिस्त्यांच्या दुकानात जाऊ नका, त्यांना गावात ठेवू नका. कृपादानचा हात स्विचवर गेला आणि तिथंच थांबला. बंद केला तर म्हणणार, ख्रिस्ती म्हणून आवाज दाबला. चालू ठेवला तर आपल्याच भोंग्यातून आपल्याच पोरीला गावाबाहेर काढणं चाललंय. समोर तीनशे माणसं माना खाली घालून बसलेली. त्यांचाच त्याला जास्त राग आला.

तेवढ्यात सहादेवची बायको छबूबाई उठली. "कृपादान, बंद कर ते. माझ्या मालकाच्या दहाव्याला हे आयकायला बसले न्हाई मी."

त्याने स्विच दाबला. पुढारी नुसताच ओरडत राहिला, मागच्यांना काही ऐकू येईना. कृपादानचा जीव भांड्यात पडला.

घरी आराधना म्हणाली, "आता तक्रार द्या."

"मिटलं की आता."

"इथं छबूकाकू होत्या. पुढच्या गावात कोण उठणार?"

दुसऱ्या दिवशी तो पोलीस ठाण्यात गेला. हवालदाराने तक्रार उतरवून घेतली आणि विचारलं, "साक्षीदार?" कृपादानने घाटावरचे चेहरे आठवले. कोणाचं नाव घ्यावं? गावानं तोंड फिरवलं तर इथं राहायचं कसं?

दारात टेम्पो थांबला. आराधनानं फोनवर सांगितलं होतं म्हणून छबूबाई आली होती. दहाव्याचा घाट सोडला तर तेराव्याआधी विधवा बाई उंबरा ओलांडत नाही, तिनं तर थेट ठाणं गाठलं.

"पयलं नाव माझं लिवा," ती म्हणाली.

तिच्यामागे टेम्पोतून काल घाटावर माना खाली घालून बसलेली माणसं उतरतच होती. कृपादानला बरं वाटलं, इतकं बरं की डोळे पुसावे लागले. हवालदाराने आणखी कागद मागवले.