सुजयची पिकअप आणि जंगलाची चावी

काही घरांत फ्रिजवर मॅग्नेट जमतात, काही घरांत दिवाळीचे परत न केलेले डबे. आमच्याकडे किस्से जमलेत, आणि तेही सगळे एकाच गाडीचे! ग्रुप जमला, चहा झाला, की कुणीतरी म्हणतंच, "मेधा, तो लिंबाचा सांग ना." लिंबाचा सांगितला की चिवड्याचा सांगावा लागतो. सुजय, म्हणजे माझा नवरा, आधी "जाऊ दे गं" म्हणतो. मग मी काही गाळलं की तोच मधे बोलून भर घालतो.

तर आम्ही राहतो हेर्त्सोगेनआउराखला. सुजय सॉफ्टवेअरमध्ये आहे. मूळचा कोल्हापूरकडचा, तांबड्या रश्श्यावर वाढलेला. मी पुण्याची, माझ्या माहेरी ऑम्लेटसुद्धा शेजाऱ्यांकडे जाऊन खायची पद्धत. आता कोल्हापूरच्या माणसानं जर्मनीत येऊन काय करावं? यानं शिकारीचं लायसन्स काढलं! इथे त्याची मोठी परीक्षा असते. झाडं, पक्षी, जनावरांचे आजार, बंदुका, कायदा... लोक तिला गमतीनं 'हिरवी बारावी' म्हणतात. आमच्या घरात तेव्हा खरंच बारावीचं वातावरण होतं. टीव्ही बंद, आणि मी रात्रीचं बदाम घातलेलं दूध नेऊन देत होते.

पास झाला. पण लायसन्स आहे आणि जंगल नाही, तर उपयोग काय? इथे प्रत्येक जंगलातला शिकारीचा हक्क कुणाकडे तरी असतो. आमच्या जवळच्या जंगलाचा तो हेर, म्हणजे श्रीयुत, हॉफमान यांच्याकडे आहे. सत्तरी ओलांडलेले, मिशी भरघोस, बोलणं मोजकं. जंगलाच्या रस्त्यावर एक आडवा दांडा आहे. त्याच्या कुलपाची चावी ते फक्त विश्वासातल्या माणसाला देतात. चावी मिळाली की तुम्ही त्यांचे, तोवर नुसते पाहुणे. सुजयला ती चावी हवी होती. प्रमोशनसाठीसुद्धा हा माणूस एवढा झुरलेला मी पाहिला नव्हता. विचारलं की हेर हॉफमान म्हणायचे, "शाउअन वीअर माल." म्हणजे, बघू. मुलगी बघून गेलेली मंडळी "कळवतो" म्हणतात ना, अगदी त्याच सुरात!

*

पहिल्याच दिवशी आमची लांबलचक, चकचकीत फॅमिली कार जंगलातल्या चिखलात पोटापर्यंत रुतली. ट्रॅक्टर बोलवावा लागला. गाडी बाहेर आली तेव्हा सुजयचा सूट-बूट नाही, पण इज्जत मात्र पार चिखलात गेली होती.

हेर हॉफमाननी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "गाडी छान आहे. ऑपेराला न्या."

त्याच आठवड्यात सुजयनं जाहीर केलं, की ही विकायची आणि पिकअप घ्यायची.

*

कुठली घ्यायची, यावर आमच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. नितीन, आमच्या ग्रुपचा एक्सेल-सम्राट, भलंमोठं कम्पॅरिझन करून घेऊन आला. टॉर्क, पेलोड, ग्राउंड क्लिअरन्स. त्याची बायको रुपाली एकच प्रश्न विचारत होती, "सोफा मावतो का?" कोल्हापूरहून सासरे व्हिडिओ कॉलवर होते. त्यांना आम्ही दादा म्हणतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देती?" जगातली कुठलीही गाडी दाखवा, दादांचा प्रश्न बदलत नाही.

शेवटी डीलरकडे गेलो. तिथला मुलगा हुशार होता. त्यानं ब्रोशर बाजूला ठेवलं आणि आधी विचारलं, "गाडीतून काय न्यायचंय?"

सुजय छाती काढून म्हणाला, "रानडुक्कर."

मी म्हटलं, "सासू-सासरे."

त्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "आल्झो," म्हणाला, "मग डबल केबिनच घ्या!"

*

गाडी दारात आली, तेव्हा पूजा हवीच. नारळ, हळद-कुंकू, आणि चार चाकांखाली चार लिंबं. शेजारच्या आजीबाई कुंपणापाशी येऊन बघत होत्या. त्यांनी आमच्या लेकीला, ईराला, विचारलं, की हे काय चाललंय? ईराला मराठी समजतं सगळं, पण तोंड उघडलं की जर्मन. मी मनातल्या मनात परंपरा, दृष्ट, श्रद्धा यांची जर्मन भाषांतरं जुळवत होते.

ईरा म्हणाली, "दास इस्ट वी ट्यूफ, नुअर मिट त्सिट्रोने!"

म्हणजे, गाडीची सरकारी तपासणी असते ना, तसंच. फक्त लिंबू लागतं. आजीबाईंना एकदम पटलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या नातवानं जुनी गाडी घेतली, तर त्या दोन लिंबं हातात घेऊन आमच्या दारात. "दोन पुरतील का? गाडी लहान आहे."

*

मग सुरू झालं गाडीला सजवणं. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी! चावीचा पत्ता नाही, आणि आमच्याकडे रोज पार्सलं. मागच्या हौद्याला झाकण, बंदुकीसाठी कुलपाचा ड्रॉवर, ओढायची विंच, आणि हेर हॉफमानच्या कुत्रीसाठी एक ऐसपैस पेटी. कुत्री एकदा त्या पेटीपर्यंत आली, आत नाक घातलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. ती आजतागायत तिथेच बसते.

पण सगळ्यात देखणी वस्तू म्हणजे वान्ने. शिकार केलेलं जनावर ठेवायचा लांबरुंद, जाड प्लास्टिकचा टब. दिवाळी आली, सगळ्या ग्रुपचा फराळ आमच्याकडे ठरला, आणि रुपालीची नजर त्या टबवर गेली.

"फूड ग्रेड आहे ना रे हे?"

सुजय पांढराफटक पडला. "अगं, त्यात डुक्कर ठेवायचंय!"

"ठेवलंयस का अजून?"

"नाही..."

"मग झालं तर!"

अख्ख्या ग्रुपचा चिवडा त्या टबात कालवला गेला. एवढ्या सुटसुटीतपणे चिवडा मी आयुष्यात कालवला नव्हता.

आठवड्यानं हेर हॉफमाननी गाडीचं मागचं दार उघडलं. टबाच्या कोपऱ्यात पोहे आणि दाणे राहिले होते. त्यांचा चेहरा कडक झाला. रानडुकरांना आमिष म्हणून काय घालायचं, काय नाही, याचे इथे कडक नियम आहेत. "हे काय घालताय जंगलात?" हेर हॉफमाननी एक दाणा उचलला, हुंगला, तोंडात टाकला. मग पोहे. मग पुन्हा दाणा. कोपरा साफ झाल्यावर ते म्हणाले, "डुकरांना हे अजिबात घालायचं नाही." तेव्हापासून सुजय जंगलात निघाला की बंदुकीआधी चिवड्याचा डबा भरला जातो.

चावीचं विचारलं. "शाउअन वीअर माल."

*

दरम्यान गावातल्या तमाम मराठी मंडळींना शोध लागला, की आपल्यात एकाकडे पिकअप आहे. इथे घर बदलायचं म्हणजे सगळं आपणच उचलायचं. मग काय! दर शनिवारी फोन. कुणाचा पलंग, कुणाचं कपाट, कुणाचं अख्खं किचन. सुजय शिकारीचा हिरवा ड्रेस घालून जंगलात निघायचा आणि कुणाच्या तरी जिन्यात सापडायचा.

अशाच एका शनिवारी तो धापा टाकत पायरीवर बसला असताना हेर हॉफमानचा फोन आला. "आज आला नाहीत. दुसरीकडे गेलात वाटतं? काही मिळालं?"

सुजय खरं तेच बोलला. "एक वॉशिंग मशीन."

पलीकडून लगेच प्रश्न आला, "लिफ्ट?"

"नाही. तिसरा मजला."

शिकार साधली की शिकारी एकमेकांचं अभिनंदन करतात, त्याचा इथे एक ठरलेला शब्द आहे. हेर हॉफमान गंभीरपणे म्हणाले, "वाइडमान्सहाइल!"

*

उन्हाळ्याच्या सुरुवातीला दादा आले. ऊस राखायला माळ्यावर रात्री काढलेला माणूस. त्यांना जंगलातलं उंच लाकडी मचाण दाखवल्यावर वीस वर्षांनी तरुण झाले. सुजयनं बजावलं, "दादा, वर गेल्यावर एक शब्द बोलायचा नाही." दादा म्हणाले, "मला शिकवतोस व्हय रं?"

दादा आणि हेर हॉफमान शेजारी शेजारी बसले. भाषा एक नाही, पण दोघांचं छान जमलं होतं. समोरच्या झाडीत काहीतरी हललं. सुजयनं श्वास रोखला. आणि दादांच्या खिशातला फोन फुल आवाजात वाजला!

"हां, बोल!" दादा गरजले. "जंगलात हाय! आता कसलं बोलू, शिकार चाललीया! बरं, म्हशीचं काय झालं ते सांग!"

म्हशीचं जे काय झालं होतं, ते सविस्तर झालं. हेर हॉफमान शांतपणे खाली उतरले आणि सुजयला म्हणाले, "आज इथल्या सगळ्या हरणांना तुमच्या घरची ख्यालीखुशाली कळली."

त्या दिवशी चावीचं विचारायची सुजयची हिंमतच झाली नाही. घरी येऊन तो जेवलाही नाही. "संपलं आता," म्हणाला. मला खरंच वाईट वाटलं. मला शिकार आवडत नाही, कधीच आवडली नाही. पण तो तिथून परत यायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जी शांतता असायची, ती मला आवडायची.

*

आता तुळशीचं सांगायला हवं. मी बियांपासून वाढवलेली तुळस आहे आमच्याकडे. इथल्या थंडीत तुळस जगवणं म्हणजे काय, ते जगवणाऱ्यालाच ठाऊक. तिला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. खोकला झाला तर सुजयसुद्धा विचारून पान घेतो. आम्ही सुट्टीवर निघालो, की ती रुपालीकडे मुक्कामाला जाते.

मागच्या नाताळात तिला पोचवायला निघालो, आणि वाटेत हेर हॉफमानना घ्यायचं होतं, कारण त्यांची गाडी गॅरेजमध्ये होती. बाहेर बर्फ. तुळस पुढच्या सीटवर, कारण सीटचा हीटर पुढेच चांगला चालतो. बेल्ट लावलेला, कारण कुंडीच्या वजनानं गाडी सारखी केकाटत होती. हेर हॉफमान मागे, माझ्या शेजारी, गुडघे हनुवटीला लावून.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आमच्या घरातली सगळ्यात मोठी."

त्यांनी टोपी किंचित उचलली आणि कुंडीकडे बघून म्हणाले, "ग्र्युस गॉट." म्हणजे इथला 'राम राम'.

*

आणि हा ऑगस्टमधला.

दुसऱ्या दिवशी आमचं भारताचं विमान होतं. ईराला आधीच रुपालीकडे सोडलं होतं. सुजय गाडी चालवत होता, मी मागे, मांडीवर तुळस. तेवढ्यात हेर हॉफमानचा फोन. "लंगडा बाहेर आलाय. लगेच या."

लंगडा म्हणजे एक म्हातारं हरीण. वसंतात कुठल्याशा गाडीनं उडवलं होतं त्याला. मागचा पाय लोंबत होता, अंगावर नुसती हाडं. अशा हालात त्याला हिवाळा काढू द्यायचा नाही, असं हेर हॉफमाननी ठरवलं होतं. पण तो दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. सुजयनं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "वळव गाडी."

हेर हॉफमाननी दांडा उघडला. सुजयनं त्यांची बंदूक घेतली आणि ते दोघं शेताच्या कडेनं पुढे गेले. मी गाडीतच बसले. बराच वेळ काही नाही. मग एकच आवाज झाला, आणि सगळे पक्षी उडाले.

मला वाटलं, आता हा ओरडत, नाचत येणार. तो चालत आला. "मेधा, एकाच गोळीत. त्याला कळलंसुद्धा नसेल गं." एवढं बोलून तो परत तिकडे वळला. मला रडू आलं. हरणासाठी की सुजयसाठी, मला अजून सांगता येत नाही. मी खाली उतरले आणि त्याच्याबरोबर गेले. कुंडी हातातच होती.

हेर हॉफमान टोपी काढून उभे होते. इथे रीत आहे, शिकार केलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवायची. शेवटचा घास म्हणतात त्याला. ती डहाळीसुद्धा ठरलेल्या पाचच झाडांची लागते; सुजयनं परीक्षेच्या वेळी ती नावं मला घडाघडा म्हणून दाखवली होती. तो डहाळी आणायला जंगलाकडे वळला.

मी आधी सूर्याकडे पाहिलं. झाडांच्या वर होता. दिवेलागण झाली नव्हती.

मग मी तुळशीची मंजिरीसकट एक डहाळी खुडली, खाली बसले, आणि त्या हरणाच्या तोंडात ठेवली.

"मेधा," सुजय मागून कुजबुजला, "अगं, हे त्या पाचांत नाहीये!"

हेर हॉफमाननी हात वर करून त्याला गप्प केलं.

नंतर दोघांनी हरीण उचलून टबात ठेवलं. यंदा रुपालीला चिवडा पातेल्यात करावा लागणार. आम्ही दांड्यापाशी आलो, हेर हॉफमाननी कुलूप लावलं आणि खिशातून एक चावी काढली. नवी कोरी होती. सुजयनं खिडकीतून हात पुढे केला. ते त्याच्या हातावरून पुढे गेले, मागच्या खिडकीशी आले, आणि चावी माझ्या तळहातावर ठेवली.

"पण हेर हॉफमान," सुजय म्हणाला, "ती तर शाकाहारी आहे!"

"गेनाऊ," हेर हॉफमान म्हणाले, म्हणजे 'अगदी बरोबर, म्हणूनच', आणि त्यांनी टोपी डोक्यावर घातली.